लेकीच्या घरची एक भिंत

धर्मसिंग राठोडला पुस्तकांचं वेड लागलं, त्यात त्याची स्वतःची काही चूक नव्हती, असं त्याच्या बायकोचं, नानीबाईचं, मत होतं. तिच्या मते सगळा दोष एका साहेबाचा. औंढ्याच्या अलीकडे सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका होती आणि धर्मसिंग तिथला चौकीदार. पिशव्यांत माती भरायची, रोपांना झारीनं पाणी घालायचं, शेळ्या हाकलायच्या आणि संध्याकाळी सायकल मारत तांड्यावर परतायचं, असा संसार सुरळीत चालला होता. एक साहेब बदलून गेला आणि जाताना टेबलाच्या खणात झाडांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक विसरला. धर्मसिंगनं ते पोस्टानं पाठवायचं म्हणून घरी आणलं, धूळ पुसायची म्हणून उघडलं, आणि मग पोस्ट राहिलं बाजूला.

माणूस सातवी शिकलेला. वाचता यायचं, पण जोडाक्षर आलं की गाडी चिखलात रुतावी तसा रुतायचा. ज्या झाडांना आपण रोज पाणी घालतो त्यांच्याबद्दल कुणीतरी एवढं कौतुकानं लिहून ठेवलंय, याचंच त्याला नवल वाटलं. मग नादच लागला. नांदेडला काही काम निघालं की रद्दीच्या दुकानात डोकं खुपसायचं, शिवरात्रीच्या यात्रेत जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला की तिथंच बैठक मारायची. पाखरं, साप, गवत, मधमाश्या, फुलपाखरं. दुसऱ्या कशाचं पुस्तक तो हातातही धरत नसे. एकदा नानीबाईच्या फेटियासाठी, म्हणजे घागऱ्यासाठी, कापड आणायला म्हणून हिंगोलीला गेला आणि घारी-गिधाडांचं पुस्तक घेऊन आला. ‘तुमच्या गिधाडाला म्हणावं आता भाकरी थाप,’ असं नानीबाई पुढं कित्येक दिवस म्हणत होती.

त्यांची एकुलती एक लेक शिवकन्या या वेडात बापाच्याही पुढं होती. बाप जोडाक्षराशी अडला की ती मागून येऊन ते सोडवायची. सुट्टीच्या दिवशी रोपवाटिकेत दोघं पान तोडून चित्राशेजारी धरायची आणि भांडायची. तारेवर बसलेलं पाखरू कोणतं, यावरून तर एकदा बापलेकीनं दिवसभर एकमेकांशी अबोला धरला, आणि पाखरू केव्हाच उडून गेलं होतं. पुस्तकं घरात मावेनाशी झाली. काही पत्र्याच्या पेटीत, काही ज्वारीच्या कोठीवर, काही धर्मसिंगच्या उशाखाली. उंदरांनी सापांच्या पुस्तकाचा कोपरा कुरतडला तेव्हा शिवकन्या हसून हसून लोळली.

‘बापू, उंदरानं बदला घेतला,’ ती म्हणाली.

धर्मसिंगला मात्र वाईट वाटलं. पुस्तकांना एक नीट घर पाहिजे, मापानं बनवलेलं, प्रत्येक पुस्तकाला त्याच्या अंगाएवढी जागा असलेलं, असं त्याच्या मनात तेव्हापासून घोळायला लागलं.

हे सगळं नव्वदच्या पुढच्या वर्षांतलं. हिंगोली तेव्हा जिल्हा झालेली नव्हती, मोठ्या कामाला परभणीच गाठावी लागे. शिवकन्या औंढ्याला सायन्स घेऊन बारावी झाली. तांड्यावर मुलगी बारावी होणं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! तांड्याच्या नायकानं, म्हणजे मुख्यानं, स्वतः घरी येऊन गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात पुसेगावकडच्या एका तांड्यावरून हिरासिंग चव्हाणांचं स्थळ आलं. पाण्याची विहीर, काळी जमीन, मुलगा कुलदीप बारावी शिकलेला, निर्व्यसनी. हुंड्याचं नाव नाही. नानीबाईनं देव पाण्यात घातले. असं स्थळ आलं नि परत गेलं तर आयुष्यभर हात चोळत बसावं लागेल, असं ती उठता-बसता म्हणू लागली.

आता खरी गोष्ट सांगायची तर धर्मसिंगला माहीत होतं. रोपवाटिकेच्या नळावर शिवकन्या मैत्रिणीला सांगत होती, ‘मी परभणीला शेतकी कॉलेजात जाणार हाय. झाडाचंच शिकणार.’ धर्मसिंग मागं कन्हेरीच्या वाफ्यात खाली बसून तण काढत होता. त्यानं ते ऐकलं. त्या रात्री जेवताना तो तिला विचारणार होता. तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागणार. नानीबाईशी भांडावं लागणार, नायकाला नाही म्हणावं लागणार, हिरासिंगांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. धर्मसिंगनं भाकरी संपवली, हात धुतला आणि बाहेर बाजेवर जाऊन पडला.

काही माणसं अशी असतात, की नको ते करून बसतात आणि मग त्याच्यावर मलमपट्टी म्हणून काहीतरी फार सुंदर करायला घेतात. धर्मसिंग त्यातला. सोयरीक पक्की करायला दोन्हीकडची मंडळी बसली, गूळ वाटला गेला, तेव्हा हिरासिंग म्हणाले, ‘व्याही, आमाला काई नको. तुमचंच काई म्हननं असंल तर बोला.’

‘मला एक भिंत पायजे,’ धर्मसिंग म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

‘पोरगी जिथं राहील त्या खोलीतली एक भिंत. मी तिला पुस्तकाचं कपाट देणार हाय. ती भिंत तिची. तिथं दुसरं काई लावायचं न्हाई.’

हिरासिंग मोठ्यानं हसले. मनानं माणूस चांगला. ‘भिंत काय मागता व्याही, घर तुमचं हाय,’ ते म्हणाले, आणि भिंत मंजूर झाली. धर्मसिंगला वाटलं, आपण लेकीचं सगळं राखलं. शिकायचं काय, पुस्तकं असली की शिकणं आलंच. कॉलेजात तरी दुसरं काय असतं?

औंढ्याच्या रस्त्यावर जळबा पांचाळाचं सुतारकामाचं छप्पर होतं. जळबा हाताचा चांगला आणि तोंडाचा सैल. त्याला घेऊन धर्मसिंग एसटीनं आधी हिंगोली आणि तिथून पुसेगाव असा भिंतीचं माप घ्यायला गेला. जळबानं वाटभर त्याची टर उडवली. ‘लोक नवरदेवाचं माप घ्यायला जातात, आपण भिंतीचं चाललो,’ म्हणाला. पण भिंतीपुढं उभा राहिल्यावर जळबा गंभीर झाला. मातीची भिंत, वर फुगलेली, खाली आत गेलेली. त्यानं जागोजाग माप घेतलं. या भिंतीला बसेल असं कपाट दुसऱ्या कोणत्या भिंतीला बसायचं नाही, असं त्यानं तेव्हाच सांगितलं होतं.

‘दुसऱ्या भिंतीला लावायचंच कशाला?’ धर्मसिंग म्हणाला.

लाकूड कडुलिंबाचं. बांधावरचा जुना लिंब वादळात पडला होता आणि गोठ्यात वाळत ठेवलेला होता. त्याला कीड लागत नाही. आरा मशीनवर फळ्या काढल्या आणि जळबाच्या छपरात कामाला सुरुवात झाली. धर्मसिंग पेटीभर पुस्तकं सायकलवर घालून तिथं घेऊन जायचा. हे पाखरांचं, उंच. याला वरचा कप्पा. ही गवतांची बारकी पुस्तकं, यांना हातभर आत कशाला पाहिजे, वीतभर पुरे. शिवकन्येनं कागदावर चिकटवून ठेवलेल्या वाळक्या पानांसाठी एक चपटा खण. जळबा रंधा मारता मारता कुरकुरायचा, की मंत्र्याच्या बंगल्याला एवढे लाड केले नसते. पण काम तो मन लावून करत होता.

मग धर्मसिंगनं मधोमध एक घडीची फळी सांगितली. खाली पाडली की तिच्यावर पुस्तक उघडून ठेवता येईल, काम झालं की वर लावून टाकायची. जळबानं खडूनं खूण केली. धर्मसिंग म्हणाला, अजून वर. त्यानं वर केली. धर्मसिंग म्हणाला, अजून वर.

‘एवढी वर काहून? मांडी घालून बसंल की पोरगी. बसून वाचायचं असतंय,’ जळबा म्हणाला.

‘सासरी बसू कोण देतंय?’ धर्मसिंग बोलून गेला. ‘उभ्याउभ्या येता-जाता वाचंल. चुलीवर आधण हाय तवर दोन पानं.’

जळबाचा रंधा थांबला. धर्मसिंगनंही आपण काय बोललो ते ऐकलं. जळबा एवढंच म्हणाला, ‘मग पोरीचं माप आण. छातीबराबर ठेवू.’

संध्याकाळी धर्मसिंगनं शिवकन्येला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि तिच्या छातीच्या उंचीवर कोळशानं रेघ ओढली. ‘कशाचं माप, बापू?’ तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. पुस्तकाची फळी, उभ्यानं वाचायची. ती सरळ उभी राहिली, तो सुतळीनं रेघ मोजेपर्यंत हलली नाही. बारावी झालेली पोरगी, तिला काय कळलं नसेल? पण ती ‘बरं’ म्हणाली आणि गोठ्यात धारा काढायला गेली. धर्मसिंगला वाटलं, खूश झाली.

लग्न थाटात झालं. निरोपाच्या वेळी बंजाऱ्यांत नवरी ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि ज्याला जे सांगायचं ते रडत रडत, सूर लावून सांगायचं. शब्द तिचे तिनं जुळवायचे. आयुष्यात एरवी बाईला जे बोलता येत नाही ते त्या वेळी बोललेलं चालतं, कुणी राग धरत नाही. शिवकन्या याडीच्या, आईच्या, गळ्यात पडली, तिला म्हणाली, तू मला दुसऱ्याच्या अंगणात पेरलंस. काकूला म्हणाली, मैत्रिणींना म्हणाली, गोठ्यातल्या गायीच्या मानेला मिठी मारून तिलासुद्धा काहीबाही म्हणाली. बायाबापड्यांचे पदर ओले झाले. मग ती धर्मसिंगच्या गळ्यात पडली आणि गप्प झाली. नुसती धरून राहिली. बायका म्हणाल्या, म्हण गं, बापाला म्हण. ती काही बोलली नाही.

‘बापावर लई जीव,’ लोक म्हणाले. धर्मसिंगनंही तेच मानलं. दुसरं मानायची त्याची तयारी नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पलंग, भांडी, पुस्तकांची पेटी आणि गोधड्यांत गुंडाळलेलं कडुलिंबाचं कपाट चढवलं होतं. जळबा ते बसवून द्यायला ट्रॉलीतच बसून वऱ्हाडाबरोबर गेला.

त्यानंतरची वर्षं धर्मसिंगनं मोठ्या समाधानात काढली. त्याच्या घरची रीत अशी, की लेकीच्या बापानं लेकीच्या सासरी बाहेरच्या ओसरीत बसायचं, आत जायचं नाही. आजापासून चालत आलेली रीत. वर्षातनं चार-दोन वेळा तो पुसेगावला जायचा, ओसरीत बाजेवर बसायचा, हिरासिंगांशी पाऊसपाण्याचं बोलायचा. शिवकन्या डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यापाशी यायची. तो पिशवीतून पुस्तक काढून द्यायचा. खाकी कागदात गुंडाळलेलं, वर सुतळी बांधलेली. मुंग्यांचं, वेलींचं, कधी नदीतल्या माशांचं.

‘वाचतेस का?’ तो विचारायचा.

‘व्हय बापू. वाचते.’

‘आन ती फळी?’

‘लई कामाला येती.’

एवढं ऐकलं की त्याचं पोट भरायचं. येताना एसटीच्या खिडकीशी बसून तो मनाशी चित्र रंगवायचा. पोरगी उभी आहे, फळी खाली केलेली आहे, चुलीवर आधण आहे. रोपवाटिकेत नव्या साहेबाला तो सांगायचा, आमची शिवकन्या सासरी राहूनसुद्धा शिकून राहिली. जळबाला तर त्यानं इतक्या वेळा सांगितलं, की जळबा त्याला पाहिलं की म्हणायचा, ‘ठावं हाय, वाचून राहिली.’ शिवकन्येला मुलगी झाली, हिंगोली जिल्हा झाली, नानीबाईचे गुडघे धरले आणि धर्मसिंगचे केस पिकले. कपाट मात्र त्याच्या डोळ्यांपुढं जळबानं पॉलिश करून उभं केलं तसंच राहिलं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कुलदीपचा निरोप आला. मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं होतं. ‘मामा, कपाट तुमी सुताराला घेऊन या आन उतरवा. आमच्या हातानं मोडंल,’ त्यानं कळवलं होतं. जावई समजूतदार. धर्मसिंग जळबाला घेऊन निघाला. पिशवीत नवं पुस्तक होतं, वडाच्या झाडांचं. घर पडायलाच निघालेलं, आता आत-बाहेर काय राहिलं, असं म्हणून तो लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या खोलीत शिरला.

कपाट झकास होतं. एका फळीला बाक नव्हता. तेलपाणी केलेलं, धूळ नाही. घडीची फळी खाली होती आणि तिच्यावर कुलदीपचं दाढीचं सामान आणि कंगवा होता. त्याचं धर्मसिंगला काही वाटलं नाही, संसारात असं व्हायचंच. मग त्यानं कप्प्यांकडं पाहिलं. जुनी पुस्तकं जळबाच्या छपरात मापून लावली होती त्याच क्रमानं उभी होती. आणि त्यांच्या शेजारी, एकेका मापाच्या जागेत नीट सरकवून ठेवलेली, त्यानं दर फेरीला आणलेली पुस्तकं होती. सगळी खाकी कागदात. सगळ्यांवर सुतळी. मुंग्यांची, वेलींची, माशांची, तशीच बांधलेली. गाठ त्याच्या स्वतःच्या हातची होती.

जळबानं ते पाहिलं. ‘बिडी वढून येतो,’ म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

शिवकन्या दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं. धर्मसिंगनं एक पुडकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं.

‘एकबी उघडलं न्हाई?’

‘पहिलं पहिलं जुनी उघडायची, बापू,’ ती म्हणाली. ‘पान उलटलं की परभणी आठवायची. मग भाकरी करपायची, सासूबाई काई म्हणायच्या न्हाईत, पन माझंच मन थाऱ्यावर राहायचं न्हाई. मग सोडून दिलं. न्हाई उघडलं तर तकलीफ होत न्हाई.’

‘आन मला सांगून राहिली, वाचते म्हणून?’

‘तुमी इतक्या लांबून यायचे.’

धर्मसिंगला बसावंसं वाटलं. बसायला खोलीत काही नव्हतं, सामान बाहेर नेलेलं होतं. तो कपाटाला धरून उभा राहिला.

‘शिकायचं हुतं तर बोलायचं की मला. मी काय वाघ हुतो?’ त्याचा आवाज चढला, आणि चढल्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

‘तुमाला माहीत हुतं, बापू,’ शिवकन्या म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ‘नळावर बोलले तवा तुमी कन्हेरीत बसले हुते, पाहिलं हुतं मी. मला वाटलं, तुमी इचारताल. रोज वाटायचं, आज इचारताल. मग माप घेतलं तुमी.’

बाहेरून मुलीनं आईला हाक मारली. शिवकन्या हात झटकत निघाली. दारातून मागं वळून म्हणाली, ‘घेऊन जा समदं. आता भिंतच पडून राहिली.’

‘नव्या घरात लावू की. जळबा बसवंल,’ धर्मसिंग घाईनं म्हणाला.

‘न्हाई बापू. नको.’

लेकीनं बापाला नाही म्हटलेलं ते पहिलंच. त्यानं ते ऐकलं आणि जळबाला हाक मारली. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत कपाट उतरवलं. वडाच्या झाडांचं पुस्तक त्यानं पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

कपाट परत औंढ्याकडं आलं. धर्मसिंगच्या घरातल्या कुठल्याच भिंतीला ते टेकेना. जळबानं खाली पाचर मारली, मागं चिंध्या कोंबल्या, तरी ते जरा पुढं झुकलेलंच राहिलं. नानीबाईनं पुस्तकं लावायला हात लावला, तर धर्मसिंग ‘राहू दे’ म्हणाला. पुस्तकं पेटीत राहिली. रोपवाटिकेत तो कामाला जायचा, रोपांना पाणी घालायचा, पण नांदेडला गेला तरी रद्दीच्या दुकानापुढून सरळ निघून यायचा. साहेबानं लेकीचं विचारलं तर ‘बरी हाय’ एवढंच म्हणायचा. बाप म्हणून आपण काय केलं ते त्याला आता स्वच्छ कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता. पोरगी सुखात होती. नवरा चांगला, सासरे चांगले, घर स्लॅबचं. रडायलासुद्धा जागा नव्हती.

दिवाळीनंतर तो पुसेगावला गेला. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि नातीसाठी फ्रॉक. पुस्तक नेलं नाही. त्याला वाटलं, लेकीच्या डोक्यावरचं ओझं कमी करावं. नव्या घराच्या ओसरीत तो बसला. शिवकन्या पाणी घेऊन आली. त्यानं शेंगा काढल्या, फ्रॉक काढला. ती उभीच राहिली. तिची नजर पिशवीवर होती. पिशवी रिकामी होऊन खाली बसली तरी ती बघत होती. मग तिनं शेंगा पदरात घेतल्या आणि म्हणाली, ‘चहा ठेवते.’

तिला हायसं वाटलं, की बाप आता आपल्यासाठी पुस्तक आणायचंसुद्धा विसरला म्हणून आत काही तुटलं, हे त्याला कळलं नाही. ती आत वळली. तिला थांबवून विचारावं असं त्याला फार वाटलं. शब्द ओठापर्यंत आले. हिरासिंग म्हणाले, ‘यंदा तुरी बऱ्या हायेत.’

‘व्हय,’ धर्मसिंग म्हणाला, ‘आमच्याकडंबी बऱ्या हायेत.’

आणि याही वेळी त्यानं विचारलं नाही.